चौतीस वर्षांचे बाबा

डॉक्टरांनी स्युहाला गुरुवारची तारीख दिली. हृदयातली झडप बदलायची होती. "काळजीचं काही कारण नाही आजी, आम्ही रोज दोन-तीन करतो," असं तो मिसरूड फुटलेला डॉक्टर म्हणाला, आणि स्युहानं त्याच खुर्चीत बसल्या बसल्या ठरवलं, की गुरुवारच्या आत बाबांना घरी आणायचंच. रोज दोन-तीन करणाऱ्या माणसाच्या हातून एखादी चुकणारच, असा तिचा साधा हिशेब होता.

बाबांना जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली होती. सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये सरकारचे सैनिक आले आणि सकाळच्या पेजेवरून त्यांना उठवून घेऊन गेले. दोन प्रश्न विचारायचेत, दुपारपर्यंत परत येतील, असं सांगितलं. त्या वसंतात तैवानभर अशी किती माणसं गेली त्याची गणती नाही. कुणी नदीत सापडलं, कुणी स्टेशनासमोर. बाबा सापडलेच नाहीत. आई त्यानंतर पन्नास वर्षं जगली आणि पन्नास वर्षं एकच म्हणत राहिली, "प्रेत दाखवा, मग मी रडते." देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या पाट्यांमध्ये तिनं बाबांच्या नावाची पाटी बसवू दिली नाही. त्यामुळे पणजोबांना रोज सकाळी धूप आणि फळं, आजोबांना धूप आणि फळं, पुढे खुद्द आईलाही धूप आणि फळं, आणि बाबा मात्र बाहेर कुठेतरी उपाशी. स्युहाच्या घशाखाली सणाचा घास कधी धड उतरला नाही तो यामुळे.

आत्म्याला घरी आणायचं, तर तो जिथून गेला तिथे जाऊन, त्याला ओळखता येईल अशा आवाजात बोलवावं लागतं. बुनहाय, तिचा धाकटा भाऊ, बाबा गेल्यावर पाच महिन्यांनी जन्मला. बाबांना ओळखू येईल असा आवाज जगात एकच उरला होता, आणि त्याची झडप गुरुवारी बदलणार होती.

अडचण अशी, की बाबांचं घर आता संग्रहालय झालं होतं. बाबा दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, मागे स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, असं ते लाकडी घर कुण्या पुण्यवानानं विकत घेऊन गावाला दिलं होतं. स्युहानं रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, त्यावर दोन शिक्के: वास्तूत अग्नी, अन्न आणि मोठा आवाज यांना मनाई आहे.

"मग न विचारता करू," स्युहा म्हणाली.

"गुपचूप?" बुनहाय म्हणाला.

तो चाळीस वर्षं काओश्युंगच्या बंदरात क्रेन चालवत होता. त्याचं "गुपचूप" खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यानं ऐकलं आणि ते भुंकायला लागलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं निघाली. पिशवीत लाल फडक्यात गुंडाळलेली बाबांच्या नावाची नवी पाटी, कौल लावायच्या लाकडी चंद्रकोरींची जोडी, देवळातल्या पुजाऱ्यानं लिहून दिलेला कागद, आणि काळी छत्री. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. बुनहायनं स्वतःसाठी केळीच्या पानातल्या भाताच्या चार पुरचुंड्या घेतल्या होत्या, त्यातल्या तीन त्यानं गाडी सुटायच्या आधीच संपवल्या.

संग्रहालयात काळं कुत्रंही नव्हतं. होते ते एकटे कांग मास्तर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, दर रविवारी इथे फुकट माहिती सांगायला येणारे. त्यांच्या कमरेला छोटा कर्णा बांधलेला होता आणि तोंडापुढे वळवलेला माईक. ऐकणारी माणसं दोन, तीही हातभर अंतरावर, तरी मास्तरांनी माईक चालू केला.

"नमस्कार! आपण उभे आहोत ते डॉक्टर ल्यूंच्या दवाखान्यात. डॉक्टर ल्यू! शांत, संयमी, मितभाषी!"

स्युहानं बुनहायकडे पाहिलं. बाबा शेजाऱ्याच्या कबुतरांना रोज सकाळी ज्या शिव्या घालत, त्या ऐकून गल्लीतल्या बायका पोरांचे कान झाकत असत. पण आपण कुणाच्या कोण हे सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

"ही त्यांची खुर्ची. हे पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र. रुग्णाला वेदना झाल्या, तर डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी येई."

"असेल बुवा," बुनहाय कुजबुजला. कपाटाच्या काचा थरथरल्या.

मास्तर त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले. दोरीच्या पलीकडे जेवणाचं टेबल मांडलं होतं. टेबलावर मेणाचा अख्खा मासा, मेणाची कोंबडी, मेणाची संत्री. भिंतीवर घड्याळ, आठ वाजून दहा मिनिटांवर थांबवलेलं. आणि खुर्चीला टेकून ठेवलेलं व्हायोलिन.

"याच टेबलावर," मास्तरांचा आवाज दाटून आला आणि कर्ण्यातून खरखर झाली, "कुटुंब शेवटचं एकत्र बसलं होतं. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी याच व्हायोलिनवर..."

"व्हायोलिन?" स्युहा म्हणाली.

"हो मावशी. डॉक्टर संगीताचे मोठे भक्त."

"ते काकाचं आहे! आणि काकालाही वाजवता येत नव्हतं. तो सुरू झाला, की बाबा वरून खडावा फेकून मारायचे!"

झालं. ठरलेलं सगळं पाण्यात गेलं. बुनहायनं कपाळावर हात मारून घेतला.

"आणि कोंबडी कुठली आलीय? रताळ्याची पेज होती त्या दिवशी! घड्याळ तर आमच्या घरात नव्हतंच. होतं ते बाबा पत्त्यांत हरले."

"पण मावशी, तुम्हाला हे कसं..." मास्तरांनी विचारलं.

"मला कसं? मी त्यांच्या मांडीवर बसून पेज खात होते! मला हातानं उचलून बाजूला ठेवलं आणि त्यांना नेलं!"

कांग मास्तरांनी माईक बंद केला. सहा वर्षं दर रविवारी ते या घराबद्दल बोलत होते. वर्गात शिक्षणाधिकारी येऊन मागच्या बाकावर बसला की मास्तरांचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला.

"माहिती तुमच्या चुलतभावानं दिली हो," ते हळूच म्हणाले.

"देणारच. व्हायोलिनही त्यानंच दिलं असेल. अडगळ काढली मेल्यानं."

मग लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. स्युहानं गुरुवार सांगितला, झडप सांगितली, पाटी दाखवली. मास्तर दोरीला धरून ऐकत राहिले. त्यांच्या मनात नियम आणि माणुसकी यांची कुस्ती चालली होती, आणि ती चेहऱ्यावर दिसत होती.

"अग्नी नाही," शेवटी ते बोटावर मोजत म्हणाले. "धूप पेटवलात तर छतावरचा भोंगा वाजेल. अन्न नाही. मोठा आवाज नाही. पण लाकडाचे दोन तुकडे कुणाच्या हातून जमिनीवर पडले, तर त्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही." आणि त्यांनी दोरी सोडली.

स्युहा टेबलापाशी गुडघे टेकून बसली. बसायला तिला दोन मिनिटं लागली आणि बुनहायचा एक खांदा लागला. तिनं पुजाऱ्याचा कागद उलगडला आणि देवळातल्या सुरात वाचायला सुरुवात केली. "परमपूज्य पितृदेव, आपली कन्या आपल्या चरणी विनंती करते, की आपण काओश्युंगच्या अमुक रस्त्यावरील अमुक इमारतीत सातव्या मजल्यावर वास्तव्यास यावं." आणि चंद्रकोरी टाकल्या.

एक उताणी आणि एक पालथी पडली, की होकार. असा होकार ओळीनं तीनदा मिळाला, की पक्का. दोन्ही पालथ्या पडल्या, तर नकार. आणि दोन्ही उताण्या पडल्या, तर ज्याला विचारलं तो हसतोय.

दोन्ही उताण्या पडल्या.

पुन्हा टाकल्या. पुन्हा उताण्या. तिसऱ्यांदा एक चंद्रकोर गरागरा फिरत टेबलाखाली गेली. मास्तरांनी वाकून पाहिलं. "उताणीच आहे," ते म्हणाले.

"बाबा खुशीत आहेत," बुनहाय म्हणाला.

"चूप बस. काहीतरी चुकतंय."

"लिफ्टची भीती वाटत असेल. त्यांच्या वेळी कुठली लिफ्ट?"

स्युहानं विचारलं, "बाबा, लिफ्टची भीती वाटते का?" नकार. "भूक लागलीय, म्हणून रागावलात का?" नकार. "व्हायोलिनचा राग आलाय का?" यावर ते हसले. बुनहायनं विचारलं, रस्त्याचं नाव बदललंय म्हणून पत्ता कळत नाहीये का? नकार. घरात आई आहे, तिच्या बोलण्याची धास्ती वाटते का? इथे चंद्रकोरी इतक्या जोरात हसल्या, की एक उडून बुनहायच्या बुटावर पडली.

कांग मास्तरांना राहवेना. ते गावातल्या देवळाच्या समितीवर वीस वर्षं होते आणि कौलाच्या बाबतीत स्वतःला अधिकारी समजत. "मावशी, प्रश्नपत्रिका चुकतेय," ते म्हणाले. "कठीण प्रश्न आधी घेताय तुम्ही. पहिला प्रश्न सोपा हवा. विचारा, मला ओळखलंत का."

"हा काय प्रश्न झाला? मी त्यांची मुलगी आहे!"

"विचारा तर खरं."

स्युहानं विचारलं. "बाबा, मला ओळखलंत ना?"

दोन्ही पालथ्या पडल्या.

तिनं पुन्हा टाकल्या. दोन्ही पालथ्या. तिसऱ्यांदा तिनं टाकल्याच नाहीत. पंचाहत्तर वर्षं तिनं एकेक सण या माणसासाठी कडू करून घेतला होता आणि तो तिला ओळखत नव्हता. तिला इतकं वाईट वाटलं, की आईवर आली नव्हती एवढी चीड तिला बाबांवर आली. "राहा मग इथेच, कोंबडीकडे बघत," ती म्हणाली, आणि तिचे ओठ लहान पोरीसारखे वाकडे झाले.

बुनहाय तिच्याशेजारी खाली बसला. या खेपेला तो खरोखरच हळू बोलला. "ताई, गेले तेव्हा बाबा केवढे होते?"

"चौतीस."

"अगं, मग चौतीस वर्षांच्या माणसासमोर कुणीतरी एक्क्याऐंशीची म्हातारी येऊन बसते, आणि 'पितृदेव' म्हणते. मीसुद्धा हसलो असतो. आणि मग घाबरलो असतो."

स्युहानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. खरंच की. सहा वर्षांची असताना ती बाबांना कधी पितृदेव म्हणाली होती? विनंती तर तिनं जन्मात केली नव्हती. दुपारी दवाखान्यात रोग्यांची रांग संपायची नाही, तेव्हा आई तिला बाबांना बोलवायला पाठवायची. ती दवाखान्याच्या दारात उभी राहून बोंब मारायची. काय म्हणायची ते तिला आठवलं. तिनं कागद चुरगाळून बुनहायच्या हातात दिला, श्वास भरून घेतला आणि ओरडली.

ओरडली म्हणजे, तसा प्रयत्न केला. झडपेनं साथ दिली नाही. तोंडातून फक्त हवा निघाली. तिनं पुन्हा प्रयत्न केला आणि तिला खोकला आला. बुनहाय म्हणाला, मी ओरडतो. ती म्हणाली, तुझा आवाज कुणाला माहीत आहे इथे? आणि ते दोघांनाही लागलं.

तेव्हा कांग मास्तरांनी कमरेचा पट्टा सोडला. कर्णा तिच्या मांडीवर ठेवला, माईक तिच्या तोंडापुढे धरला आणि आवाजाचं चक्र शेवटपर्यंत फिरवलं.

"मोठा आवाज?" बुनहायनं विचारलं.

"संग्रहालयाचाच आहे," मास्तर म्हणाले. "वापरासाठीच दिलाय."

"बाबाऽऽ!" स्युहा म्हणाली, आणि सबंध घर दणाणलं. समोरच्या चहाच्या दुकानातली माणसं रस्त्यावर आली. "लवकर याऽऽ! नाही आलात तर तुमच्या खारवलेल्या अंड्यातलं पिवळं मी खाणाऽऽर! खाल्लंच बघाऽऽ!"

असं ऐकलं, की बाबा रोग्याला तोंड उघडं ठेवून तसाच खुर्चीत सोडायचे आणि धावत यायचे. कारण पोरगी नुसती धमकी देत नसे, खरंच खायची.

तिनं चंद्रकोरी टाकल्या. एक उताणी, एक पालथी.

पुन्हा टाकल्या. एक उताणी, एक पालथी.

तिसऱ्या वेळी मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. "काय पडलं? काय पडलं?" ते विचारत होते. बुनहाय क्रेनच्या भोंग्यासारखा रडत होता. मास्तरांनी डोळे उघडून स्वतःच पाहिलं आणि टेबलाला नमस्कार केला. "डॉक्टर, व्हायोलिनबद्दल माफ करा," ते पुटपुटले. "पुढच्या रविवारपासून कबुतरं सांगतो."

आता घाई करून चालणार नव्हतं. आत्मा पाटीपाशी आला, की छत्री उघडायची आणि तिच्या सावलीतून त्याला चालवायचं. दार आलं, जिना आला, पूल आला, वळण आलं, की प्रत्येक वेळी सांगायचं. नाही सांगितलं, तर तो चुकतो, आणि चुकला की चुकलाच. पाटी स्युहाच्या छातीशी, छत्री बुनहायच्या हातात. छत्री त्यानं मधल्या रिकाम्या जागेवर धरली होती, त्यामुळे दोघांची डोकी उन्हात होती.

"बाबा, उंबरा. पाय उचला. बाबा, ही दुचाकी, अंगावर येत नाही, उभी केलीय. बाबा, डावीकडे. ही तेलाची घाणी होती, आता इथे फोन विकतात. फोन म्हणजे... राहू दे, गाडीत सांगेन."

"स्टेशनाला उजवीकडून जवळ पडतं," बुनहाय म्हणाला.

"त्यांना डावीकडचा रस्ता माहीत आहे."

मोठ्या रस्त्याशी आल्या आल्या सिग्नल मिळाला. रविवारचा बाजार, म्हणून चौकात एक पोलीस उभा होता. पंचवीस-सव्वीसचा, पांढरे हातमोजे घातलेला, शिट्टी तोंडात. त्यानं दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या आणि या म्हातारा-म्हातारीला हात केला, चला.

स्युहा जागची हलली नाही.

"ताई, चल की!"

"ते थांबलेत."

"कोण?"

"बाबा. गणवेश बघितला त्यांनी."

तिला ते कसं कळलं, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिला सांगताही आलं नसतं. इथपर्यंत आणलं आणि इथे हात सुटला, तर पुन्हा बोलवायला ती नसणार होती. सिग्नल संपत आला. मागून कुणीतरी भोंगा वाजवला, मग चौघांनी वाजवला. पोलीस धावत आला.

"आजी, काय झालं? चालवत नाहीये का?"

"वडील आहेत आमचे!" बुनहाय गरजला, आणि सबंध चौकानं ते ऐकलं. "सत्तेचाळीसला सैनिकांनी नेलेले! घरी घेऊन चाललोय! तुला बघून अडलेत!"

पोलिसानं छत्रीकडे पाहिलं. लख्ख उन्हात रिकाम्या जागेवर धरलेली छत्री कुणासाठी असते, हे त्या मुलखात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. त्यानं शिट्टी खिशात टाकली. मग टोपी काढली आणि ती पाठीमागे धरली, शाळेतलं पोर मास्तरांपासून काहीतरी लपवतं तशी. वरचं चमकतं जाकीट काढून तेही काखेत दाबलं. दुसरा हात पसरून तो गाड्यांपुढे आडवा उभा राहिला. सिग्नल बदलला तरी तो हलला नाही, आणि भोंगे एकेक करून थांबले.

"सावकाश या, आजोबा," तो छत्रीखाली बघून म्हणाला.

"आजोबा काय म्हणतोस?" स्युहा कडाडली. "चौतीस वर्षांचे आहेत ते!"

पोलीस गडबडला. "चुकलं. सावकाश या, दादा."

स्युहानं पाटी छातीशी आणखी घट्ट धरली. तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून लाल फडक्यावर पडत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"चला बाबा," ती म्हणाली. "हा आपल्याला थांबवत नाहीये. गाड्या थांबवतोय."

आणि तिघं रस्ता ओलांडायला लागली.